गृहस्थांचा कायदा : वाडा घेतांना सह्या कोणाकोणाच्या?

कोल्हापुराच्या शुक्रवार पेठेंतून एका गृहस्थांचें पत्र आलें आहे. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी इंग्लंडांत नुकतेंच घर घेतलें. इकडे वडील मंडळी पेठेंतच एका जुन्या वाड्याचा निम्मा भाग घेण्याच्या विचारांत आहेत. विकणारे गृहस्थ चार भावंडांत वडील. "मी घरचा कर्ता आहें, माझी एकट्याची सही पुरे, दोघी बहिणी लग्न होऊन आपापल्या घरीं सुखांत आहेत," असें ते म्हणतात आणि आठ दिवसांत विसार मागतात. पत्रलेखकांच्या नोकरीची सारी शिल्लक या व्यवहारांत जावयाची आहे. चिरंजीव तिकडून लिहितात कीं, इंग्लंडांत सरकारी दप्तरीं नांव लागलें कीं मालकी पक्की होते, तिकडेहि तसेंच असणार; वकिलाच्या मागें वेळ दवडूं नये. हें बरोबर काय, असा प्रश्न आहे.

चिरंजीवांचें म्हणणें इंग्लंडापुरतें बरोबर आहे. कोल्हापुरापुरतें तें घातक आहे. इंग्लंडांत जमिनींची सरकारी नोंदवही १८६२ सालीं सुरू झाली, आणि ता. १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड व वेल्स या सर्व प्रदेशांत विक्रीच्या वेळीं तींत नोंद करणें सक्तीचें झालें. त्या वहींत ज्याचें नांव, तो मालक. वहींतील चुकीमुळें एखाद्याचें नुकसान झालें तर त्याची भरपाई करण्याची कायद्यांत तरतूद आहे. तेथें गृहस्थाची चिंता निराळी असते. दोन्ही पक्षांच्या सह्यांचे करार परस्परांस पोंचते होईपर्यंत कोणीहि माघार घेऊं शकतो. ते झाले, बहुधा किंमतीचा दशांश भरला गेला, म्हणजे मग माघार घेणाऱ्यास ती रक्कम गमवावी लागते. चिरंजीवांनी घेतलेलें घर जमिनीसह कायमचें आहे कीं ९९ किंवा १२५ वर्षांच्या पट्ट्यानें आहे, एवढें मात्र त्यांस अवश्य विचारावें. तेथील पुष्कळसे फ्लॅट पट्ट्याचे असतात व पट्टा सरत चालला कीं किंमत उतरते.

आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वयें दस्त नोंदला जातो. मालकी नोंदली जात नाहीं. सही करणारा तोच इसम आहे काय, मुद्रांक पुरेसा आहे काय, हें दुय्यम निबंधक पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे किंवा नाहीं, याचा निवाडा तो करीत नाहीं. तामिळनाडूच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं हें पुनः स्पष्ट केलें आहे. सिटी सर्व्हेचा उतारा, ज्यास हल्लीं सर्वजण प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, तोहि पुरावा आहे. अखेरचा निकाल नव्हे. तेव्हां जें काम इंग्लंडांत सरकारची वही करते, तें येथें घेणाऱ्यानें स्वतः करावयाचें असतें.

आतां कर्त्याच्या सहीविषयीं. पहिला प्रश्न असा विचारावा कीं, वाडा कोणी मिळविला? वाडा वडिलांनीं स्वतःच्या कमाईनें घेतला असेल व ते १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मृत्युपत्र न करतां वारले असतील, तर त्यांची पत्नी, मुलगे व मुली सारख्या हिश्शाचे मालक झाले. तेथें 'कर्ता' हा शब्दच गैरलागू आहे. वडील भावास स्वतःच्या हिश्शापलीकडे एक वीटहि विकतां येत नाहीं.

वाडा खरोखर वडिलोपार्जित व एकत्र कुटुंबाचा असेल, तर कुटुंबाच्या गरजेसाठीं कर्ता तो विकूं शकतो. परंतु गरज होती, निदान आपण प्रामाणिकपणें चौकशी करून खात्री करून घेतली होती, हें दाखविण्याचा भार घेणाऱ्यावर पडतो. हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें १८५६ सालीं सांगितलेलें हें तत्त्व आजहि चालतें. 'भावास दुसऱ्या गांवीं फ्लॅट घ्यावयाचा आहे' ही गरज न्यायालय मानीलच, असा भरंवसा आम्ही देणार नाहीं.

बहिणी लग्न होऊन गेल्या, हें उत्तर तर आतां मुळींच चालावयाचें नाहीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना एकत्र कुटुंबांत जन्मतः हिस्सा दिला, पण आधीं विवाह झालेल्यांना वगळलें. ता. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आलेल्या केंद्राच्या दुरुस्तीनें तो भेद मिटला, आणि त्या दिवशीं वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा खटल्यांत २०२० सालीं दिला. ता. २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेल्या विक्र्या व नोंदलेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित आहेत. आपल्या घरांतून बहिणीस साडीचोळी करावी आणि जेवणानंतर पानसुपारीबरोबर कागद पुढें करावा, ही रीत अद्याप दिसते. तींतील न्यायान्याय क्षणभर बाजूस ठेवला, तरी साध्या कागदावरील असली सही घेणाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीं. हक्कसोडपत्र नोंदलेलेंच हवें. त्याहून बरें म्हणजे दोघी बहिणींनीं खरेदीखतावरच विकणाऱ्या म्हणून सह्या कराव्या व आपल्या हिश्शाचे पैसे आपल्या नांवें घ्यावे. ज्या बहिणीस पैसा मिळाला, ती सहसा पुढें दावा लावीत नाहीं. हिस्सेदारांत कोणी अज्ञान असेल व त्याचा हिस्सा स्वतंत्र असेल, तर न्यायालयाची परवानगी आधीं घ्यावी.

'निम्मा भाग' या शब्दांकडे पत्रलेखकांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. वाड्याची मोजून वाटणी झाली आहे काय? वाटणीपत्र नोंदलें आहे काय? दोन्ही भागांचे उतारे निराळे आहेत काय? नसतील, तर परक्या घेणाऱ्यास त्या राहत्या घरांत कुटुंबासमवेत ताबा मागतां येत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें तें स्पष्टच सांगितलें आहे. त्यानें वाटणीचा दावा लावावा. आणि तो लावला कीं, १८९३ च्या वाटणी कायद्यान्वयें त्या घरांतील हिस्सेदार न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस त्याचा हिस्सा परत विकत घेऊं शकतात. पैसे देऊन कज्जा विकत घेण्याचा हा सरळ मार्ग होय.

जुने कागद अर्थात् पाहावे. कोल्हापूर संस्थान ता. १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्यापूर्वींचे कांहीं दस्त मोडींत असतात, ते जाणकाराकडून वाचून घ्यावे. जागा देवस्थान इनामाची निघाली तर व्यवहार तेथेंच थांबवावा. निबंधकाच्या दप्तरांत निदान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, दैनिकांत जाहीर नोटीस द्यावी. तळमजल्यावर भाडेकरू असेल तर तो खरेदीनें निघत नाहीं. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याच्या पाठीशीं आहे. पेठेचा उतार पंचगंगेकडे आहे आणि २०१९ व २०२१ चें पाणी सर्वांनीं पाहिलें आहे. पाडून नवें बांधण्याचा बेत असेल तर जागा पूररेषेच्या आंत कीं बाहेर, हें महापालिकेंत आधीं विचारावें.

राहिला विसार. नुसत्या साठेखतानें मालकी येत नाहीं, आणि मुखत्यारपत्रावर केलेली 'विक्री' ही विक्री नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं ठरविलें आहे. आठ दिवसांची घाई विकणाऱ्याची आहे, आपली नव्हे. विसार द्यावयाचाच झाला तर चारी भावंडांच्या सह्यांचें साठेखत करून नोंदवावें, रक्कम धनादेशानें द्यावी, आणि शोधांत दोष निघाल्यास विसार इतक्या दिवसांत परत, ही अट त्यांत आकड्यानें व अक्षरीं लिहून घ्यावी. बहिणी सही करण्यास तयार नाहींत असें कळलें, तर तेंहि उत्तरच समजावें व दुसरें घर पाहावें.