औरंगजेब आणि इमानी सेवक यांच्या मधली जागा

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. काही पोरांनी मोबाईलवर औरंगजेब आणि टिपूचे स्टेटस ठेवले. ७ तारखेला बंद, मग दगडफेक, लाठीमार, आणि वर इंटरनेट बंद. घरून काम करणाऱ्या माझ्यासारख्यांचं कामच बसलं. त्या दिवसांत दोन्हीकडून भरपूर बोललं गेलं. पोरांना कुणीतरी फूस लावली, पोरं बिनडोक आहेत, स्टेटस हा काय गुन्हा झाला का. मला मात्र राहून राहून एकच प्रश्न पडत होता. कोल्हापुरात जन्मलेल्या, तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या, शाहू स्टेडियमवर पाटाकडीलसाठी घसा फोडणाऱ्या पोराला औरंगजेब आपला का वाटावा?

सगळं उत्तर साहित्यात सापडेल असं मी म्हणत नाही. राजकारण आहे, बेकारी आहे, वर्गात रोज ऐकून घ्यावे लागणारे टोमणे आहेत. पण या उत्तराचा एक तुकडा नक्की साहित्यात आहे, आणि त्यावर आपल्यात कुणीच बोलत नाही.

मराठी माणसाच्या डोक्यातला इतिहास बखरींपेक्षा कादंबऱ्यांनी जास्त घडवला. त्यातले दोन मोठे लेखक तर आपल्याच जिल्ह्यातले. ‘श्रीमान योगी’ लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, आणि ‘छावा’ लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. ‘छावा’ १९७९ ची. २०२५ मध्ये तिच्यावरून सिनेमा आला तेव्हा थिएटरबाहेर काय वातावरण होतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलं. छापील पुस्तक कपाटात पडून राहतं, त्याने काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी आठवावं.

या कादंबऱ्या वाईट आहेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. उलट सावंतांची ‘मृत्युंजय’ मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, सबमिशन तोंडावर असताना, तीन रात्रींत संपवली होती. १९६७ सालची ही कादंबरी. जन्मावरून हिणवला गेलेला कर्ण, त्याची गोष्ट कधी तो स्वतः सांगतो, कधी कुंती, कधी शोण, कधी दुर्योधन. एकाच माणसाकडे इतक्या डोळ्यांनी बघायची सवय त्या पुस्तकाने हजारो मराठी घरांना लावली. जातीच्या उतरंडीवर एखादं भाषण जे करू शकलं नसतं ते या कादंबरीने केलं, असं माझं मत आहे. साहित्य मूल्यं कशी हलवतं याचा याहून चांगला दाखला मला देता येणार नाही.

पण ऐतिहासिक कादंबरीत आपण शोधायला गेलो की दोनच जागा सापडतात. एक तर दिल्ली किंवा विजापूरच्या दरबारात, म्हणजे शत्रूच्या गोटात. नाही तर महाराजांच्या पायाशी, इमानी सेवक म्हणून. एक क्रूर, एक निष्ठावान. दोघांनाही घर नाही. त्यांच्या चुलीवर काय शिजतंय, बायकोशी कशावरून भांडण झालंय, कर्ज किती आहे, हे कुणी विचारत नाही. आता सतरा वर्षांच्या पोराचा विचार करा. त्याला रोज चिडवलं जातंय, आणि गोष्टीत त्याच्यासाठी दोनच भूमिका शिल्लक आहेत. मान खाली घालून उभं राहायचं, की तख्तावर बसायचं? त्या वयात तख्तच निवडणार. स्टेटस ठेवून तो बंड करत नव्हता. दुसऱ्यांनी लिहिलेली भूमिकाच तो वठवत होता.

तिसरी जागा मराठीत नाही का? आहे. हमीद दलवाईंनी ती १९६५ साली ‘इंधन’मध्ये लिहून ठेवली.

दलवाई म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच दोन गट करतात. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन विधानभवनावर नेलेला मोर्चा आणि २२ मार्च १९७० ला पुण्यात स्थापन झालेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ, यावरून वाद सुरू होतो. कादंबरीकार दलवाई त्या वादात हरवतात. मोर्चाच्या आधीच हा माणूस ‘लाट’ हा कथासंग्रह आणि ‘इंधन’ लिहून मोकळा झाला होता. आधी त्याने माणसं पाहिली, मग भूमिका घेतली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

‘इंधन’ कोकणातल्या एका गावात घडते. हृदयविकाराने थकलेला निवेदक बऱ्याच वर्षांनी घरी परततो. घर मुसलमानांचं, पण त्याला सापडतं ते कुठल्याही कोकणी घरात सापडेल असंच: हट्टी बाप, तुटत चाललेला भाऊ, न बोललेल्या गोष्टी. आजूबाजूला कुळवाडी आहेत, बौद्ध आहेत. आपल्या लोकांची जुनी मिजास आहे, कालपर्यंत दबून राहिलेल्यांना आलेली जाग आहे, जातधर्म ओलांडून चोरून जुळलेले संबंध आहेत. आणि हे सगळं हळूहळू तापत जातं. कोण पेटवतं याचा शोध घेण्यापेक्षा जळण किती वर्षं कुठे कुठे साठत होतं ते लेखक दाखवत राहतो. नाव ‘आग’ न ठेवता ‘इंधन’ ठेवलं यातच सगळं आलं.

या पुस्तकात मुसलमान खलनायक नाही आणि फरिश्ताही नाही. तो लोचट आहे, प्रेमळ आहे, घाबरट आहे, मग्रूर आहे. म्हणजे माणूस आहे. आणि इथेच आपली अडचण होते. एखादी वेबसिरीज आली की मोहल्ल्याच्या ग्रुपवर मेसेज फिरतो की आपल्याला वाईट दाखवलंय. ती तक्रार बहुतेक वेळा खरी असते. पण त्यामागची मागणी काय, तर आम्हाला चांगलं दाखवा. म्हणजे पुन्हा तोच इमानी सेवक, फक्त कपडे नवे, या वेळी डॉक्टर किंवा देशासाठी जीव देणारा इन्स्पेक्टर.

माझ्या धंद्यात टेस्टर नावाचा माणूस असतो. तुमचा प्रोग्रॅम कुठे फुटतो ते शोधणं हे त्याचं काम. त्याच्यावर सगळे वैतागतात, आणि तो नसेल तर कुणी धड झोपू शकत नाही. समाजाला कादंबरीकार साधारण तसा लागतो. (तुलना फार ताणू नका. टेस्टरला पगार मिळतो.)

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि तो हलका नाही. घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला? तेही आत्ता? १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. ज्यांच्या घरातली भांडीकुंडी रस्त्यावर पडली त्यांना तुम्ही आत्मटीकेच्या कादंबऱ्या वाचायला सांगणार का? नाही, त्यांना नाही सांगणार. त्यांना न्याय आणि भरपाई हवी, आणि कादंबरीने दगड थांबत नाहीत हे मलाही कळतं. पण आपल्या विरोधात दारूगोळा शोधणारा माणूस दलवाईंची कादंबरी वाचत बसत नाही. त्याला वीस सेकंदांची क्लिप पुरते. पुस्तक लपवून आपण त्याचं काहीच बिघडवत नाही. वाचायचं राहून जातं ते आपलंच, आणि आपल्या शेजाऱ्याचं, ज्याला मुसलमानाच्या घरातला चिडका म्हातारा आपल्या बापासारखाच आहे हे कळायला दुसरी वाट नाही.

मराठी हे आपल्यासाठी भाड्याचं घर नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ १६४५ साली लिहिला. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, कुराणाच्या मराठी भाषांतराला पैसा दिला. यू. म. पठाण १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरच्याच हुसेन जमादारांनी ‘जिहाद’ नावाने आत्मकथन लिहिलं. तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की घरात दखनी बोलतो म्हणजे मराठी पुस्तक दुसऱ्याचं.

गेल्या वर्षापासून आम्ही आठ-नऊ जण महिन्यातून एकदा रविवारी बसतो. निम्मे आपले, निम्मे बाकीचे. पुस्तकं कुणी विकत आणतं, कुणी करवीर नगर वाचन मंदिरातून. ती संस्था १८५० पासून चालू आहे आणि अजूनही तिथे गर्दी कमी असते, याचं मला वाईट वाटतं. आम्ही मुद्दाम ‘छावा’ आणि ‘इंधन’ पाठोपाठ घेतल्या. प्रश्न अगदी साधे ठेवले. गोष्ट कोण सांगतंय? कुणाच्या घरात लेखक आत शिरलाय, आणि कुणाच्या दारातूनच परत फिरलाय?

‘छावा’वर बोलताना माझा मराठा मित्र म्हणाला की हा प्रश्न त्याला याआधी कधी पडलाच नव्हता. ‘इंधन’वर मात्र आपल्याच दोन पोरांचं कडाक्याचं वाजलं. एकाला भावाचं पात्र म्हणजे बदनामी वाटली, दुसरा म्हणाला, असा माणूस आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहतो. तासभर हे चाललं. मग बी.फार्म.ला असलेली एक मुलगी, जी तोवर गप्प होती, म्हणाली की तुम्ही सगळे भावावरच बोलताय, त्या घरातल्या बायकांना काय वाटत होतं ते दलवाईंनी तरी कुठे पुरतं सांगितलंय?

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ तिनेच सुचवलं. सध्या दोन प्रती नऊ जणांत फिरतायत, आणि माझी पाळी अजून यायची आहे.