डेल्फीचा कौल

लिडियाचा राजा क्रीसस याने ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात कौल मागितला: पर्शियावर स्वारी करू का? उत्तर आलं, केलीस तर मोठं साम्राज्य बुडेल. बुडालं, पण त्याचंच! कुणाचं बुडेल, हे त्याने विचारलंच नव्हतं.

बोरलँडने १९९५ मध्ये आपल्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरला डेल्फी नाव दिलं, कारण ते ‘ऑरॅकल’ डेटाबेसशी बोलायचं. गंमत म्हणून ठीक. पण अमेरिकेतल्या रँड संस्थेची १९५० च्या दशकातली ‘डेल्फी पद्धत’ मला जास्त पटते. तिच्यात अनेक तज्ज्ञ नाव न सांगता अंदाज देतात, इतरांची कारणं वाचतात आणि आपला अंदाज पुन्हा तपासतात.

करिअरचा कौल एकाच सीनियरकडून किंवा एआयकडून घेणाऱ्यांनो, निदान उलट प्रश्न तरी विचारा!