आठ तारांतून चार

इलेक्ट्रिक मॅन्डोलिनचे युकुलेले करून मिळेल का, ही विचारणा आता नवलाची राहिलेली नाही. काकांचे किंवा आजोबांचे मॅन्डोलिन पेटीत पडून असते, घरातल्या मुलीची बोटे युकुलेलेवर बसलेली असतात, आणि दोन्ही वाद्ये शेजारी ठेवली तर मापाने सारखीच वाटतात. गिऱ्हाईक म्हणते, चारच तर तारा लावायच्या आहेत. आपल्यापैकी काहीजण हे काम हसून परत पाठवतात. काहीजण उत्साहाने घेतात, ब्रिज उखडतात, नायलॉनच्या तारा चढवतात आणि ॲम्प्लिफायरमधून काहीच ऐकू येत नाही म्हणून बिचाऱ्या पिकअपला दोष देतात. आमचे मत स्पष्ट आहे. काम घ्यावे, पण पोलादी तारांवरच घ्यावे, आणि एकही नवे भोक न पाडता करावे.

गिऱ्हाइकाचा डोळा तसा फसलेला नसतो. नट ते ब्रिज ही तारेची लांबी मॅन्डोलिनवर साधारण ३५० मिलिमीटर असते आणि सोप्रानो युकुलेलेवरही जवळपास तेवढीच. म्हणजे फ्रेटना हात लावायचा नाही. सुरांकडे पाहिले तर आणखी सोय आहे. मॅन्डोलिनच्या जोड्या जी, डी, ए, ई अशा लागतात : १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झ. युकुलेलेच्या तारा जी, सी, ई, ए. त्यांतली पहिली ए ४४० हर्ट्झची, म्हणजे मॅन्डोलिनवर दुसऱ्या क्रमांकाला असलेलीच तार. सी २६२ हर्ट्झचा, डीच्या एक स्वर खाली. ई मात्र ३३० हर्ट्झचा, मॅन्डोलिनच्या ईपेक्षा बरोबर एक सप्तक खालचा. चौथी जी ही युकुलेलेची खरी ओळख. ती खर्जाची नसते, ३९२ हर्ट्झवर, सी आणि ई या दोघींच्याही वर लागते. काही वादक तिथे खालची जी पसंत करतात, १९६ हर्ट्झची. तसे असेल तर मॅन्डोलिनची चौथी तार जागच्या जागी राहते.

यातून एक स्वस्त चाचणी सुचते. नवा संच मागवण्याआधी खालच्या जीचे युकुलेले करून पाहा. चौथी जी तशीच ठेवा, डी एक स्वर उतरवून सी करा (तिचा ताण पाचव्या हिश्श्याने घटेल), ए काढून पहिल्या जागी लावा, आणि दुसऱ्या जागी ०.०२० इंची साधी पोलादी तार ई सुरात घ्या. एका तारेच्या खर्चात गिऱ्हाइकाला कळते की आपल्याला हे हवे होते की नाही. अर्ध्या विचारणा इथेच मिटतात, आणि त्याबद्दल कोणी खंत करू नये.

वरच्या जीचा कायमचा संच लावायचा तर आमची शिफारस अशी : ए ०.०१२, ई ०.०१६, सी ०.०२२ गुंडाळलेली, जी ०.०१४. या लांबीवर प्रत्येक तारेचा ताण साडेपाच ते सहा किलोच्या दरम्यान पडतो, त्यामुळे उजव्या हाताला चारही सारख्या लागतात. हे हिशेब गिटारच्या इंची मापात आहेत. सतारीच्या तारा वापरणाऱ्यांनी जपावे. त्या नंबरात तीन नंबरची पोलादी तार म्हणजे ०.०१२, पाच नंबर ०.०१४, सहा नंबर ०.०१६, पण बाजारात गेजच्या एकाहून अधिक पद्धती चालतात आणि पुडीवर कोणती आहे ते कोणी लिहीत नाही. नंबरावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावा.

गिटारच्या तारेला टोकाला पितळी गोळी असते आणि मॅन्डोलिनच्या टेलपीसला आकडे. कटरने गोळी चेपून काढली की मागे फासा उरतो, तो आकड्यात बसतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या. खुंट्या आठही जागेवर राहू द्याव्यात. तारा सर्वांत सरळ जातील अशा चार निवडाव्यात, आणि मोकळ्या चारांचे स्क्रू आवळावेत, नाहीतर त्या खुळखुळतात आणि आपण दिवसभर फ्रेटमध्ये दोष शोधत बसतो.

खरा प्रश्न नटपाशी येतो, आणि बहुतेक रूपांतरे तिथेच फसतात. मॅन्डोलिनचा नट २८ ते ३० मिलिमीटर रुंद असतो, सोप्रानो युकुलेलेचा ३५च्या आसपास. दोन्ही कडांना अडीच-अडीच मिलिमीटर सोडले तर मॅन्डोलिनवर पहिल्या ते चौथ्या तारेत तेवीस ते पंचवीस मिलिमीटर उरतात, म्हणजे दोन तारांमध्ये आठच्या आसपास. युकुलेलेवर हेच अंतर साडेनऊच्या घरात असते. दीड मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाही. पण युकुलेलेवरचा डी मेजर आठवा : चौथी, तिसरी आणि दुसरी तार, तिन्ही दुसऱ्याच फ्रेटवर, तीन बोटे एका रांगेत. मॅन्डोलिनच्या नेकवर ही तीन बोटे मुंबईच्या लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसल्यासारखी बसतात. कडेची जागा आणखी कमी करून तारा फाकवण्याचा मोह होतो. तो टाळावा. फ्रेटची टोके तिरकी घासलेली असतात, त्यामुळे वापरण्याजोगी रुंदी पट्टीने मोजलेल्या रुंदीपेक्षा कमीच असते, आणि पहिली तार जरा ओढली की कडेवरून घसरते.

म्हणून हाडाचा नट घडवण्याआधी कठीण लाकडाच्या तुकड्याचा कच्चा नट करावा, खाचा कापाव्यात आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून डी वाजवायला लावावा. लहान मुलांना आणि बारीक बोटांच्या वादकांना अडचण येत नाही. जाड बोटांच्या वादकाला एकच बोट आडवे टाकून तिन्ही तारा दाबायची सवय लावून घ्यावी लागेल, आणि हे त्याला पैसे घेण्याआधी सांगावे. खाचांची आखणी तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत न करता कडेपासून कडेपर्यंत करावी, ०.०१४ आणि ०.०२२ शेजारी असताना हा फरक बोटाला कळतो. जुन्या नटच्या खाचा बुजवून नव्या कापणे हा आळस आहे. जुना नट जपून ठेवायचा, त्याचे कारण शेवटी येईल.

ब्रिजच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूने आहे. साध्या पोलादी तारेला जाडीनुसार मागे सरकावे लागते, गुंडाळलेल्या तारेला फक्त तिच्या गाभ्याच्या जाडीपुरते. म्हणून मॅन्डोलिनच्या लाकडी ब्रिजवर पायऱ्या असतात : ई पुढे, ए मागे, डी पुढे, जी मागे. आता नव्या तारा त्याच क्रमाने ठेवून पाहा. पहिल्या जागी बारीक ए, ती पुढे हवी. दुसऱ्या जागी ०.०१६ची जाडसर ई, ती मागे हवी. तिसऱ्या जागी गुंडाळलेली सी, ती पुढे. तीन पायऱ्या आयत्या जमतात. चौथी मात्र जमत नाही, कारण तिथली पायरी जाड खर्जासाठी कापलेली आहे आणि आता तिथे ०.०१४ची जी बसणार. ती पायरी बदलण्यासाठी मूळ ब्रिज कानशीखाली घेऊ नये, वरचा भाग नवा करावा. हेही लक्षात घ्या की सीला गुंडाळलेल्या तारेऐवजी साधी ०.०२० लावली तर सगळाच क्रम बिघडतो आणि तीच सर्वांत मागे न्यावी लागते. बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावून तपासल्याशिवाय वाद्य दुकानाबाहेर जाऊ नये.

ताणाचे थोडक्यात. आठ तारांचे मॅन्डोलिन पाऊणशे किलोच्या आसपास ओढ सहन करत असते. नव्या चार तारांची ओढ २३ किलो. नेक इतकी वर्षे ज्या ओढीविरुद्ध उभी होती ती अचानक गेली की मागे झुकू शकते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार खडखडते. ट्रस रॉड असेल तर सैल करावा. नसेल तर तारा लावून वाद्य आठवडाभर ठेवावे आणि मगच फ्रेट घासायचे की नाही ते ठरवावे. पोकळ पोटाच्या वाद्यात ब्रिज फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. दाब कमी झाल्यावर तो जोरदार वादनात सरकतो, त्याच्या पायाखाली राळेची चिमूटभर भुकटी पुरते.

आता नायलॉन. वाद इथेच होतो. युकुलेले म्हणजे नायलॉनचा मऊ आवाज, पोलादी तार लावली तर ते युकुलेले कसले, असे काही जाणकार म्हणतात. इतिहास त्यांच्या बाजूने नाही. मदेराचे स्थलांतरित ‘रेवन्सक्रॅग’ जहाजातून ऑगस्ट १८७९मध्ये होनोलुलूला उतरले, त्यांच्यात मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे सुतारकामातले तीन कारागीर होते, आणि त्यांच्या मशेत या छोट्या वाद्यातून युकुलेले घडले. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. वाद्यांवर नायलॉन आले ते १९४०च्या दशकात. तारेचे द्रव्य एकदा बदललेच आहे. टिकून राहिले ते चार तारांचे सूर आणि त्यांवर बसलेली बोटे.

तरी कोणी हट्टच धरला तर त्याचा हिशेब मांडून दाखवावा. मॅग्नेटिक पिकअपला नायलॉन दिसत नाही, म्हणून ब्रिजखाली पिएझो बसवावा लागेल. मॅन्डोलिनच्या आत आधीच बसलेला व्हॉल्यूम पॉट बहुधा अडीचशे किंवा पाचशे किलोओहमचा असतो. पिएझोचा कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरला आणि तो थेट अडीचशेच्या पॉटला जोडला, तर सुमारे १३०० हर्ट्झच्या खालचे सगळे उतरणीला लागते. या वाद्याची सर्वांत उंच मोकळी तार ४४०ची. उरतो तो पत्र्याचा टणटणाट. दहा मेगओहम इनपुटचा प्रीॲम्प मध्ये घातला की ही सीमा ३२ हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि आवाज सुधारतो. पण मग बॅटरीला जागा हवी, म्हणजे पोटात खणणे आले. पोलादी तारा टेलपीसमार्फत अर्थला जोडलेल्या असतात आणि वादकाचा हात त्यांना लागला की घूं थांबते. नायलॉनवर ती सोयही जाते, सगळा कप्पा तांब्याच्या फॉइलने मढवावा लागतो. शिवाय टेलपीसचे पत्र्याचे आकडे नायलॉन कापतात. एवढे सगळे केल्यावर हाती येते ते अरुंद नेकचे, जड डोक्याचे वाद्य. त्यापेक्षा पिएझो बसवलेले तयार युकुलेले घ्यावे, असा सल्ला देणे हेच प्रामाणिकपणाचे.

पोलादी तारांवरही एक चूक सर्रास होते. साध्या मॅन्डोलिनसाठी मिळणाऱ्या संचातल्या जाड तारांवर ब्राँझ गुंडाळलेले असते, आणि ब्राँझ पिकअपच्या दृष्टीने नसल्यासारखेच. फक्त गाभा वाजतो, सी दबते आणि साध्या तारा ओरडतात. सी निकेलची घ्यावी. मग पिकअपचे पोल पीस तारांखाली येतात का पाहावे. जोड्यांच्या जागी एकेरी तार आली की ती कधीकधी दोन पोलांच्या मधोमध पडते. ब्रिजकडचे अंतर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करून हे बहुधा निभावते. सलग पट्टीचा पिकअप असेल तर प्रश्नच नाही.

जोड्या तोडणे म्हणजे मॅन्डोलिनचा अपमान, असे मानणाऱ्यांना उप्पलपु श्रीनिवास यांची आठवण करून द्यावी. जोडतारांवर गमक ओढणे अवघड, म्हणून ते एकेरी तारांच्या इलेक्ट्रिक मॅन्डोलिनकडे गेले, पाच तारा केल्या, सूर स्वतःच्या संगीताला सोयीचे लावले आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत ते वाद्य बसवले. फेंडरनेही १९५६मध्ये चार एकेरी तारांचे भरीव इलेक्ट्रिक मॅन्डोलिन बाजारात आणले होते. वाद्याची तारसंख्या आणि सूर ही वादकाच्या गरजेची बाब आहे. आपण तिला साहाय्य करायचे.

मात्र याच कारणाने काही वाद्ये परत पाठवावीत. पाच तारांचे, कर्नाटकी वादनासाठी बांधून घेतलेले मॅन्डोलिन आले तर त्याला हात लावू नये. तो एका वादकाने आधीच विचार करून घेतलेला निर्णय आहे. जुने, मूळ सुट्या भागांसह शिल्लक असलेले चार तारांचे भरीव वाद्य आले तर तारा आणि नटपलीकडे जाऊ नये. कोलकात्याहून येणारी साधी आठ तारांची इलेक्ट्रिक मॅन्डोलिने या कामाला सर्वांत योग्य. ती भरपूर आहेत, मजबूत आहेत, आणि अनेक घरांत नुसती पडून आहेत.

काम झाल्यावर जुना नट, ब्रिजचा जुना वरचा भाग आणि काढलेल्या तारांचे गेज लिहिलेली चिठ्ठी एका पिशवीत घालून वाद्याच्या पेटीत ठेवा. पिशवीवर ब्रिजची मूळ जागा लिहा, नटपासून दोन्ही टोकांची, मिलिमीटरमध्ये. मॅन्डोलिन परत हवे असे कोणी म्हणाले, तर ते तुमच्याकडेच येईल असे नाही. ज्या दुकानात जाईल तिथल्या माणसाला ते आकडे लागतील.