बॅकअप आहे, पण परत आणून पाहिलाय का?

आपल्या संस्थांमध्ये कॉम्प्युटरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'बॅकअप आहे ना, कपाटातल्या डिस्कवर सगळं आहे.' ते ऐकलं की मला धास्ती वाटते. कारण पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्या डिस्कवरून एक तरी फाइल परत आणून, उघडून कुणी वाचली आहे का?

हार्ड डिस्क जाणारच. फिरत्या तबकडीची असो वा नव्या पद्धतीची एसएसडी असो, ती कधी जाणार एवढाच प्रश्न. आणि आपल्या कॉम्प्युटरमध्ये असतं काय? कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली भरलेले घटना अहवाल, बाईनं स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हकिगत, वळांचे फोटो, धमक्यांचं रेकॉर्डिंग, पोटगीचे हिशेब. पोलिस ठाण्यात तिचं कुणी नोंदवून घेत नाही म्हणून ती आपल्याकडे येते. आपल्याकडची नोंदही गेली तर तिच्या सांगण्याला आधार कुठला?

एका तालुक्याच्या गावातल्या समुपदेशन केंद्राची डिस्क गेली तेव्हा मी मदतीला गेले होते. बॅकअपची डिस्क होती, तिच्यावर तारखांची फोल्डरंही होती. पण डिस्क भरल्यामुळे नोंदी चौदा महिन्यांपूर्वीच थांबल्या होत्या. पडद्यावर कोपऱ्यात सूचना येत असे आणि ती रोज बंद केली जात असे. एका बाईची पोटगीची तारीख आठ दिवसांवर होती. तिचं निवेदन कागदाच्या फाइलीत मिळालं, फोटो मिळाले नाहीत. तिला हे सांगायला कोण जाणार, यावर कार्यालयात बराच वेळ कुणी बोललं नाही.

दोष त्या कार्यकर्तीचा, असं म्हणायला मी तयार नाही. बॅकअप हे आपल्या घरकामासारखंच काम आहे. केलं तर दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. ते दिलं जातं सर्वांत कमी मानधनाच्या मुलीकडे, आणि नवी डिस्क घ्यायची तर तिला तीन सह्या लागतात. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कार्यशाळेच्या चहाचं शीर्षक असतं, या कामाचं नसतं. यात आपल्याच संस्थांमधली उतरंड दिसते आणि तिच्यावर बोलायला हवं.

मोठ्यांचंही यापेक्षा वेगळं होत नाही. १९९८मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेनं पुसल्या गेल्या आणि बॅकअप निकामी निघाला. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. बाळंतिणीला घरून काम करू द्यावं की नाही यावर वाद घालणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. २०१७मध्ये गिटलॅब कंपनीनं जाहीरच करून टाकलं की, बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. कागदावर पाचही होत्या.

आता परत आणण्याच्या कामाबद्दल. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर मशीन बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून पाहिलं तर उरलंसुरलंही जातं. नवी डिस्क बसली, विंडोज चढवलं, की घाईनं बॅकअपची डिस्क लावावीशी वाटते. इथे थांबा. या क्षणी ती बॅकअप राहिलेली नाही, जगातली एकुलती एक प्रत झाली आहे. आधी दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवर तिची आणखी एक प्रत करा, मगच परत आणायला घ्या. जुनी मशीन व्हायरसनं गेली असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

'आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे' म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. जे फोल्डर ड्राइव्हशी आपोआप जुळतं, त्यातली फाइल इथे पुसली की तिथेही पुसली जाते, आणि तिथल्या कचऱ्यातून ती ३० दिवसांनी कायमची जाते. शिवाय ते खातं कुणाच्या नावावर आहे? सोडून गेलेल्या कार्यकर्तीच्या मोबाइलवर ओटीपी जात असेल तर फाइली असून नसल्यासारख्या. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. त्याची ४८ आकड्यांची किल्ली ज्यानं मशीन सुरू करून दिली त्याच्या खात्यात पडून असते. ती आजच मागून घ्या, कागदावर लिहा आणि कुलपात ठेवा.

मराठीत काम करणाऱ्यांची एक अडचण इंग्रजी पुस्तिकांमध्ये सापडणार नाही. फाइली परत येतात, उघडतातही, पण पडद्यावर अगम्य चिन्हं दिसतात. जुना मजकूर श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असतो आणि फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेलेले असतात. म्हणून फॉन्टचीही प्रत ठेवा. जमेल तेव्हा महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये आणा. आपल्या अंकांच्या पेजमेकर फाइलींबद्दल तर बोलायलाच नको.

पुराव्याच्या फाइलींना वेगळी शिस्त लागते. विंडोजमध्ये फाइलीची प्रत केली की 'तयार झाल्याची तारीख' प्रत केल्याच्या दिवसाची होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली मूळ तारीख-वेळेची माहिती गळून पडते. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जपा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलीचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलीच्या आतल्या माहितीवरून काढलेली अक्षर-आकड्यांची ओळखखूण. माहिती किंचित बदलली तरी ती बदलते. फोटो जमा होतो त्याच दिवशी ही खूण रजिस्टरमध्ये लिहिली, तर पुढे परत आणलेली फाइल तीच आहे हे ताडून पाहता येतं.

आणि दुकान. गेलेली डिस्क घेऊन आपण ज्याच्याकडे जातो तो कितीही ओळखीचा असला, तरी माहिती बाहेर निघते ती त्याच्या पडद्यावर, गिऱ्हाइकांसमोर. लैंगिक अत्याचारात बाईची ओळख छापणं वा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड विधानाच्या कलम २२८-अ खाली होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. पण कायद्याच्या पलीकडेही आपण तिला शब्द दिलेला असतो. तालुक्याच्या गावात दुकानदार नवऱ्याचा मित्र निघायला वेळ लागत नाही. जिथे जमेल तिथे काम आपल्या कार्यालयात, आपल्यासमोर करून घ्या. बदली डिस्क मिळते म्हणून जुनी कंपनीला परत देऊ नका. मेलेल्या डिस्कमधूनही माहिती काढता येते. ती आपल्याच हातानं फोडलेली बरी.

माझं मागणं मोठं नाही. दर तीन महिन्यांनी, अंक टपालात पडला की एक तास काढा. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तीन फाइली बॅकअपमधून दुसऱ्या मशीनवर आणा आणि वाचून पाहा. हे काम प्रत्येक वेळी वेगळ्या कार्यकर्तीनं करावं, संस्थेच्या सचिवांनीसुद्धा. एक डिस्क कार्यालयाबाहेर, कुलूपबंद असावी आणि तिचा पासवर्ड दोघींना माहीत असावा. डिस्कचा खर्च पुढच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहा. देणगीदारानं विचारलं, हे कशाला, तर आठ दिवसांवर तारीख असलेल्या त्या बाईबद्दल त्याला सांगा.