पेन्शनचे वय वाढवण्याआधी हिशेब द्या



कंपनीच्या पेन्शनशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. कोरडवाहू शेतीवर घर निभत नाही म्हणून एखादा पोरगा जिनिंगमध्ये, सूतगिरणीत नाही तर एमआयडीसीत लागतो. म्हातारपणी तो गावातच परत येतो. त्याची पेन्शन पुरली नाही, तर त्याला पोसायचे कोणी? त्याच चार एकर पऱ्हाटीने आणि ज्वारीने. कंपनीने आणि सरकारने टाळलेला खर्च असा शेतीच्या खात्यावर पडतो.

आता हिशेब मांडू. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. मालकाच्या वाट्यातून पगाराचे ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारचे १.१६ टक्के तिच्यात जातात. पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०, ही महिन्याची पेन्शन. पण पगार मर्यादेपुरताच धरायचा. २००१ पासून ही मर्यादा ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली. ६,५०० च्या हिशेबाने १८ वर्षे भरलेल्याला महिना १,६७१ रुपये बसतात. यावर महागाई भत्ता नाही. २०१४ साली किमान पेन्शन १,००० ठरली आणि पुढची दहा वर्षे एका रुपयानेही हलली नाही. या दहा वर्षांत तेल-मिठाचे भाव कुठे गेले, ते सांगायला नको. बुलढाण्यात २०१८ साली पेन्शनरांनी साखळी उपोषण मांडले, ते उगाच नाही.

एवढी तुटपुंजी रक्कम, आणि चर्चा कशाची? निवृत्तीचे वय वाढवण्याची. माणसे जास्त जगतात, फंडावर ताण पडतो, म्हणून वय वाढवा, असे २०२२ पासून बोलले जात आहे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला साठीनंतरही जमेल. पण कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या, १७० किलोच्या गाठी हलवणाऱ्या माणसाचे काय? त्याला मालक आधीच घरी बसवतो. मग नोकरीही नाही आणि पेन्शनही नाही, अशी मधली वर्षे त्याने काय खाऊन काढायची? पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितकी दरवर्षी ४ टक्के कापून. ज्याला थांबायचे त्याने ६० पर्यंत थांबावे, दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते. ही सोय आजच आहे. मग सक्ती कशाला?

शेतकऱ्याला तर निवृत्तीच नाही. २०१९ ची किसान मानधन योजना घ्या. अठराव्या वर्षी महिना ५५ रुपये भरायला लागा, साठीला ३,००० मिळतील. ४२ वर्षांनंतरच्या ३,००० रुपयांत किती पायल्या ज्वारी येईल, हे योजना सांगत नाही. कामगार असो की शेतकरी, फसवणुकीची रीत एकच: आकडा गोठवायचा आणि भाव मोकळे सोडायचे.

पेन्शन ही मेहेरबानी नव्हे. ती मागे ठेवलेली मजुरी आहे. म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत आपण एवढे तरी मागू: पेन्शन महागाईशी जोडा, अंगमेहनतीच्या कामाला वय वाढवू नका, आणि शेतकऱ्याच्या पेन्शनलाही तोच नियम लावा.

तोवर घरचे काम घरी करा. पोराचा पीएफ खरोखर भरला जातो का, की ठेकेदार नुसताच कापून घेतो, ते पासबुकात पाहा. हंगामी कामाचे काही महिनेही पेन्शनसाठी पूर्ण वर्ष धरले जातात. पण नाव हजेरीपटावर हवे. दहा वर्षे पुरी होण्याआधी नोकरी सुटली तर पेन्शनचे पैसे उचलू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढची नोकरी त्यात जोडली जाते. दहाला एक वर्ष जरी कमी पडले, तरी म्हातारपणची पेन्शन हातची जाते.