दूध, मौन आणि चौथे शील



स्मरणिकेच्या संपादकीयात या वेळी आम्ही दुधाविषयी लिहीत आहोत, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या न्यूझीलंडमध्ये आपण संसार थाटले, त्या देशाची जगातील पत बव्हंशी दुधावर उभी आहे. आणि संकटसमयी कंपनीने जनतेशी कसे बोलावे, हा प्रश्न या देशापुढे दुधानेच दोनदा उभा केला. दोन्ही वेळी पणाला लागला होता तो तान्ह्या बालकांचा घोट.

फॉन्टेरा ही येथील दूध-उत्पादक शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी कंपनी. चीनमधील सानलू या दूध कंपनीत तिचा ४३ टक्के हिस्सा होता व संचालक मंडळावर तिचे प्रतिनिधी होते. सानलूच्या बालदुधाच्या भुकटीत मेलामाइन हे रसायन असल्याचे फॉन्टेराला २ ऑगस्ट २००८ रोजी कळले. पाणी घातलेले दूध तपासणीत सकस भासावे म्हणून ते मिसळले जाई, आणि त्यामुळे कोवळ्या मूत्रपिंडांत खडे होत. सहा दिवसांनी बीजिंगमध्ये ऑलिंपिक सुरू व्हायचे होते. सर्व माल जाहीरपणे परत घ्यावा, असा आग्रह फॉन्टेराने धरला खरा. पण तो बंद दाराआड. स्थानिक अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि कंपनी जनतेसमोर गप्प राहिली. अखेर सप्टेंबरमध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांच्या सरकारने बीजिंगच्या केंद्रीय शासनाला थेट कळविले, तेव्हा ११ सप्टेंबरला माल परत घेण्याची घोषणा झाली. मधल्या चाळीस दिवसांत कित्येक माता आपल्याच हातांनी ते दूध पाजत राहिल्या. या भेसळीने एकंदर सहा बालके दगावली व सुमारे तीन लाख आजारी पडली. तेथील व्यवस्थेच्या चौकटीत राहूनच काम करणे भाग होते, असे समर्थन कंपनीने पुढे केले.

दुसरा प्रसंग २०१३ सालचा. वायकाटो प्रांतातील हाउटापू येथील कारखान्यात मे २०१२ मध्ये तयार झालेल्या ३८ टन प्रथिन-भुकटीत बोट्युलिझम या घातक विकाराचे जिवाणू असल्याचा संशय फॉन्टेराने ३ ऑगस्ट २०१३ रोजी जाहीर केला. येथील घराघरांत आईबाप डब्यांवरील क्रमांक तपासू लागले. परदेशांनी आयात थांबविली. कंपनीच्या प्रमुखांनी बीजिंगला जाऊन क्षमा मागितली. २८ ऑगस्टला निष्कर्ष आला, की ते जिवाणू बोट्युलिझमचे नव्हतेच! तेव्हा ‘उगाच बोलले, गप्प बसले असते तर बरे झाले असते’ असे म्हणणारेही निघाले.

आमचे मत नेमके उलट आहे. २०१३ साली चूक बोलण्यात नव्हती, उशिरा बोलण्यात होती. तपासणीत काहीतरी वावगे असल्याचे मार्चमध्येच दिसले होते. शासनाला वेळीच न कळविल्याच्या व अन्य त्रुटींबद्दल २०१४ मध्ये न्यायालयाने कंपनीला तीन लाख डॉलरचा दंड केला. खोट्या धोक्याच्या घंटेने पैसा बुडतो. तो पुन्हा मिळविता येतो. मौनाने जे गेले, ते कोणत्याही ताळेबंदात परत येत नाही.

येथे आम्हांस मज्झिमनिकायातील अभय राजकुमाराचा संवाद आठवतो. मांडीवरील बाळाने तोंडात खडा घातला तर काय करशील, असे तथागतांनी त्याला विचारले. रक्त निघाले तरी मी तो काढीन, कारण मला त्या बाळाची करुणा आहे, असे तो उत्तरला. जे सत्य आहे, हितकर आहे, ते ऐकणाऱ्यास अप्रिय असले तरी योग्य वेळी बोलावे, ही त्या संवादाची शिकवण. संकटात सापडलेल्या कंपनीला याहून चांगला सल्ला कोण देणार? काय कळले आहे, काय अद्याप कळलेले नाही आणि लोकांनी आज काय करावे, हे तिने प्रथम त्या मातेला सांगावे. भागधारकांची समजूत मागाहून काढावी.

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो, तेव्हा चौथ्या शीलाचा अर्थ ‘खोटे बोलू नये’ एवढाच घेतो. परंतु ज्या मौनामुळे दुसऱ्याचे मूल विष पिते, ते मौन खोटे बोलण्याहून वेगळे कसे मानावे? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले, त्याचे नावच ‘मूकनायक’ होते. मुकेपणा लादलेला असतो, तसा तो कधी सोयीसाठी पत्करलेलाही असतो. पहिल्याविरुद्ध आपले पूर्वज लढले. दुसऱ्याशी आता आपल्याला लढावयाचे आहे.

कारण आपली मुले-मुली आज या देशात कारखान्यांत, रुग्णालयांत, प्रयोगशाळांत व कार्यालयांत जबाबदारीच्या जागी आहेत. उद्या तपासणीचा एखादा नकोसा कागद त्यांच्यापैकी कोणाच्या टेबलावर येईल. व्हिसा, घराचे हप्ते, गावाकडे पाठवावयाचे पैसे, सारे त्या क्षणी डोळ्यांपुढे उभे राहील. ही भीती आम्ही जाणतो. तिला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून हेही सांगतो, की गंभीर गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यास संरक्षण देणारा कायदा या देशात २००० साली झाला, आणि १ जुलै २०२२ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. त्याची माहिती प्रत्येक घरात असावी. आणि असा प्रसंग आलेल्या माणसाच्या पाठीशी त्याचे कुटुंब व आपला समाज उभा राहावा, एवढीच आमची विनंती आहे.

ज्यांच्या पूर्वजांना पाण्याच्या घोटासाठी महाडला जावे लागले, त्यांनी दुसऱ्याच्या बाळाच्या घोटाविषयी गप्प राहू नये.

भवतु सब्ब मंगलम्!

— संपादक मंडळ