चिप हातात पडू द्या!

अभियांत्रिकीच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत 'व्हीएलएसआय' हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जातो. मुले पाठ करतात, संगणकाच्या पडद्यावर सर्किट चालवून दाखवतात, फाईलवर सही घेतात आणि पास होतात. स्वतः आराखडा केलेली चिप हातात घेतलेला विद्यार्थी मात्र तालुक्याच्या कॉलेजात शोधून सापडायचा नाही. याला तंत्रशिक्षण म्हणायचे काय?

'फार खर्चिक काम आहे' हे ठरलेले उत्तर. ते अर्धेच खरे. मोठा खर्च असतो तो मास्कचा, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी उतरवणाऱ्या साच्यांचा. तो एकट्या कॉलेजला झेपणारा नाही. पण एकाच चकतीवर अनेकांचे आराखडे शेजारी-शेजारी बसवले की खर्च वाटला जातो. वडापच्या जीपचा हिशेब आपल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही!

हाच हिशेब अमेरिकेत लिन कॉनवे यांनी प्रत्यक्षात आणला. १९७८ साली त्यांनी एमआयटीत हा विषय शिकवला आणि मुलांचे आराखडे खरोखरच्या चिपमध्ये उतरवून आणले. पुढच्याच वर्षी १२ विद्यापीठांतल्या १२४ जणांचे ८२ आराखडे एकत्र करून २९ दिवसांत चिप तयार करून घेतल्या. त्यातूनच १९८१ साली 'मोसिस' ही कायमची सेवा उभी राहिली. याच कॉनवे यांना, त्या लिंगबदल करणार असल्याचे कळताच, आयबीएमने १९६८ साली कामावरून काढले होते. माफी मागितली ती २०२० साली! व्यवस्थेने बाहेर काढलेल्या व्यक्तीनेच हे ज्ञान सर्वांसाठी खुले केले, ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगितली पाहिजे.

आपल्या देशात साधने नाहीत असे नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या चिप बनतात. २०२२ साली केंद्राने 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रम आणला, ८५ हजार अभियंते घडवण्याचे उद्दिष्ट ठेवले. बंगळुरूच्या सी-डॅकमधून महागडी सॉफ्टवेअर संस्थांना पुरवली जातात. विद्यार्थ्यांच्या चिप बनूनही आल्या. पण कोणत्या विद्यार्थ्यांच्या? प्रस्तावांच्या स्पर्धेत ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आधीच आहे, तेच पुढे राहणार. ज्या घरातला पहिलाच मुलगा इंजिनिअर होतोय, त्याच्या कॉलेजचा नंबर कधी लागायचा? बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा आग्रह धरला होता, तो उगाच नाही.

लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभरातली महाविद्यालये संलग्न आहेत. राज्य सरकारने या विद्यापीठाच्या नावे दरवर्षी चकतीवरची जागा विकत घ्यावी आणि ती ग्रामीण महाविद्यालयांना वाटून द्यावी. काम तिसऱ्या वर्षीच सुरू करावे लागेल. चिप बनून यायला महिनोन्‌महिने लागतात, शेवटच्या वर्षी आराखडा पाठवला तर चिप येईपर्यंत मुलगा कॉलेज सोडून गेलेला असतो. आणि चिप आली की तिची चाचणी घ्यायला ऑसिलोस्कोप, लॉजिक अॅनालायझर आणि सोल्डरिंगचे टेबल हवे. पडद्यावर बिनचूक चाललेले सर्किट टेबलावर मुकाट बसते, तेव्हा चूक वीजपुरवठ्यात आहे, घड्याळाच्या ठोक्यात आहे की जोडणीत, हे हुडकताना मुलगा जे शिकतो ते कोणत्याच गाईडमध्ये छापलेले नसते. त्या टेबलाची तरतूद अंदाजपत्रकात आधी दाखवा, भूमिपूजनाचे फोटो नंतर छापू.